देवळालीचा ताप

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं माकणी नांवाचें गांव आहे. आज तें लोहारा तालुक्यांत मोडतें आणि निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळें ओळखलें जातें. धरण होण्याच्या कितीतरी आधीं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, या नदीकांठच्या मुलुखांत निजामाचें राज्य होतें. पण त्या राज्यालाहि सात वर्षांचा एक खंड पडला होता. १८५३ च्या तहान्वयें निजाम सरकारनें फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब हे प्रांत इंग्रज कंपनीच्या हवालीं केले. वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिला. बाकीचे दोन १८६० सालीं परत मिळाले. या मधल्या काळांत धाराशिवचा कारभार पाहण्यासाठीं जो साहेब नळदुर्गास येऊन राहिला, त्याचें नांव फिलिप मेडोज टेलर. तो १८५७ पर्यंत येथें होता. तुळजापूर-नळदुर्गचा हा परिसर त्याच्या मनांत इतका भरला कीं, १८६३ सालीं त्यानें लिहिलेली ‘तारा’ ही कादंबरी त्यानें तुळजापुराच्या भूमीवरच उभी केली.

इंग्रजी वाङ्मयांत मात्र टेलर नळदुर्गास येण्यापूर्वींच नांवारूपाला आला होता. एका ठगाची कबुलीजबानी, अशा अर्थाच्या नांवाची त्याची पहिली कादंबरी १८३९ सालीं लंडनांत निघाली आणि खूप वाचली गेली. ‘ठग’ हा शब्द सरकारी कागदांत त्याच्या आधींच शिरला होता. पण शेकोटीपाशीं बसून वाचणाऱ्या सामान्य इंग्रजाच्या तोंडीं तो बसविण्यांत या कादंबरीचा वांटा मोठा आहे. आज इंग्रजींत तो शब्द इतका रुळला आहे कीं, तो परका आहे याची जाणीवहि बोलणाऱ्याला नसते. परंतु इकडून निघतांना त्या शब्दाचा अर्थ काय होता आणि तिकडे पोंचल्यावर काय झाला, हें पाहिलें म्हणजे ज्याला इंग्रजींत स्लँग म्हणतात त्या बाजारी बोलींतल्या शब्दांचा प्रवास किती बेभरंवशाचा असतो हें कळून येतें.

मराठीचा ठग हा मुळांत नुसता फसवणारा माणूस. झांकणें, लपविणें या अर्थाच्या संस्कृत ‘स्थग्’ धातूशीं त्याचें नातें जोडतात. ठकास महाठक भेटतो, तो याच घराण्यांतला. वाटसरूंच्या गळ्याला फास लावून त्यांस लुटणाऱ्या टोळ्यांना दक्षिणेंत फांसीगार म्हणत. शेरवुड नांवाच्या डॉक्टरानें १८१६ सालीं मद्रासेंत त्यांच्यावर जो निबंध लिहिला, त्यांत हाच शब्द योजलेला आहे. हा फांसीगारहि निरखून पाहण्यासारखा आहे. ‘फांसी’ हें देशी, संस्कृत ‘पाशा’चें अपत्य, ‘गार’ हा प्रत्यय फार्सी. दोन भाषांचे दोन तुकडे कोणीं जोडले, केव्हां जोडले, याची नोंद कोठें नाहीं. ज्या ‘कामगार’ शब्दावर आज सभा भरतात आणि कायदे होतात, त्याची घडणहि अगदीं अशीच आहे. पण त्याचा सांधा आतां कोणाच्या डोळ्यांना दिसत नाहीं.

उत्तरेंत कॅप्टन स्लीमन यानें या टोळ्यांचा पिच्छा पुरविला. त्या कामांत त्यानें जें एक हत्यार वापरलें, तें म्हणजे त्यांची बोली. ठगांच्या सांकेतिक शब्दांचा त्याचा कोश ‘रामसियाना’ या नांवानें १८३६ सालीं कलकत्त्यास छापून निघाला. त्याच सालीं १८३६ चा तिसावा कायदा झाला. ठगांच्या टोळींत कधींहि सामील असल्याचें शाबीत झाल्यास जन्मभर सक्तमजुरीची कैद, असा त्याचा आशय होता. पण ठग म्हणजे कोण, हें त्या कायद्यांत सांगितलेलेंच नव्हतें! बाजारांतला एक ढिला शब्द उचलून त्याच्यावर माणसाचें सारें आयुष्य टांगून ठेवण्याचा हा प्रकार होता. आजचे इतिहासकार स्लीमनच्या कागदपत्रांकडे पुष्कळच साशंक दृष्टीनें पाहतात. वाटमारी आणि खून होत होते यांत शंका नाहीं. पण माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून जी एक देशव्यापी गुप्त धर्मसंस्था उभी केली गेली, ती कितपत खरी आणि कितपत ऐकणाऱ्याच्या अपेक्षेनें घडलेली, याविषयीं वाद आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत शेवटीं ३१० व्या कलमानें ठगाची व्याख्या आली. तें कलम १ जुलै २०२४ रोजीं नवी न्यायसंहिता अमलांत आली तेव्हां गळालें.

इंग्लंडांत तर कादंबरी निघाली त्याच वर्षीं कार्लाइलनें ग्लासगोच्या कामगारांतल्या दंग्याधोप्याला या शब्दावरून घडविलेलें भाववाचक नाम लावलें. तेव्हांपासून ‘ठग’ म्हणजे मारकुटा गुंड. पुढें हा शब्द अमेरिकेंत गेला. तेथें गोऱ्यांनीं काळ्या तरुणांना हिणविण्यासाठीं तो वापरला, आणि मग त्या तरुणांनींच तो आपल्या गाण्यांत बिरुदासारखा मिरविला. ‘थग लाइफ’ ही शब्दजोडी १९९४ सालीं निघालेल्या एका संगीतसंग्रहामुळें जगभर झाली आणि तेथून ती पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयीन पोरांच्या तोंडीं आली. आतां एकाच घरांत आजोबा वर्तमानपत्रांत लाखोंना गंडा घालणाऱ्या ठगाची बातमी वाचतात आणि नातू कोणाच्या चोख प्रत्युत्तराला ‘थग लाइफ’ म्हणून दाद देतो. ठ चा थ होऊन परत आलेला हा आपलाच शब्द दोघांपैकीं एकालाहि ओळखतां येत नाहीं.

ठग हा शब्द अधिकाऱ्यांनीं आणि ग्रंथकारांनीं नेला. पण मराठी मुलुखांतून इंग्रजी बाजारी बोलींत गेलेला दुसरा एक शब्द असा आहे कीं, तो नेणाऱ्यांत लिहिणारा माणूस क्वचितच होता. तो साध्या गोऱ्या शिपायांनीं नेला, आणि तोहि मोठ्या दुःखांतून. तो शब्द म्हणजे ‘डूलाली’. एखाद्याचें डोकें फिरलें, तो भ्रमिष्टासारखा वागूं लागला, कीं इंग्रज त्याला ‘डूलाली’ झाला म्हणतो. हें डूलाली म्हणजे नाशिकजवळची देवळाली.

मुंबईहून आगगाडीनें थळ घाट चढून गेलें कीं सुमारें ११० मैलांवर देवळाली लागते. हवा चांगली, पाणी चांगलें, बंदर एका रात्रीच्या प्रवासावर. १८६० नंतर तेथें लष्करी छावणी पडली, आणि विलायतेहून येणाऱ्या व विलायतेस परत जाणाऱ्या गोऱ्या पलटणींचा तो मोठा मुक्काम झाला. येणाऱ्यांचें कांहीं बिघडत नसे. ते चार दिवस राहून आपापल्या ठाण्यांकडे जात. खरा प्रश्न परत जाणाऱ्यांचा होता. सैनिकांना नेणारीं जहाजें बाराहि महिने सुटत नसत. शरद ऋतूच्या अखेरीपासून वसंताच्या आरंभापर्यंतच त्यांचा हंगाम असे. १८७० नंतर इंग्रजी फौजेंत थोड्या मुदतीच्या नोकरीची पद्धत सुरू झाली, त्यामुळें मुदत संपून घरीं निघालेल्या शिपायांची संख्याहि वाढली. ज्याची मुदत हंगाम संपल्यावर भरे, तो देवळालीस येऊन पडे आणि पुढच्या जहाजाची वाट पाहात महिनेच्या महिने तेथें काढी.

त्याला काम नसे. त्याचीं हत्यारें व पुष्कळसें सामान परत घेतलेलें असे. ज्या पलटणींत त्याचीं उमेदीचीं वर्षें गेलीं ती दूर राहिलेली, आणि ज्या घरीं जावयाचें तें समुद्रापलीकडे. उन्हाळा, माशा, हिंवताप, बाजारांतली दारू आणि समोर रोजचा तोच माळ. फ्रँक रिचर्ड्स नांवाच्या एका जुन्या शिपायानें १९३६ सालीं आपल्या हिंदुस्थानांतल्या नोकरीच्या आठवणी प्रसिद्ध केल्या; त्यांत देवळालीविषयीं त्यानें लिहिलेलें आहे. वर्षानुवर्षें निष्कलंक नोकरी केलेले शिपाई तेथें नुसत्या रिकामपणानें बिघडत, कांहींतरी करून बसत आणि घरीं जाण्याऐवजीं लष्करी तुरुंगांत जात, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. कोणी विचित्र वागूं लागला कीं सोबती म्हणत, याला देवळालीचा ताप आला. शिपायांच्या भाषेंत तें होई ‘डूलाली टॅप’.

‘टॅप’ हा इंग्रजी शब्द नव्हे. तो आपला ताप, किंवा फार्सी-हिंदुस्थानी ‘तप’. दोन्ही एकाच जुन्या कुळांतले. म्हणजे ज्या जोडशब्दानें इंग्रज शिपाई आपल्या मनाचा आजार सांगत होता, त्यांत इंग्रजीचें अक्षरहि नव्हतें. एक तुकडा मराठी गांवाचा, दुसरा हिंदुस्थानी तापाचा, आणि इंग्रजी होता तो फक्त उच्चार. पुढें इंग्लंडांतल्या ऐकणाऱ्याला हा ‘टॅप’ म्हणजे डोक्यावर बसलेली टिचकी वाटावी हें साहजिकच होतें. १९२५ सालीं फ्रेझर आणि गिबन्स यांनीं पहिल्या महायुद्धांतल्या शिपाई-खलाशांच्या शब्दांचा जो कोश लंडनांत काढला, त्यांत हा शब्द सांपडतो. त्यानंतर हळूहळू ‘टॅप’ गळाला, मोठ्या लिपींतलें पहिलें अक्षर धाकट्या लिपींत आलें, आणि देवळाली हें गांवाचें नांव राहिलें नाहीं. तें इंग्रजीचें विशेषण झालें. ज्या नांवांत ‘देऊळ’ उघड दिसतें, त्याचा अर्थ वेडगळ असा व्हावा ही त्या गांवाची थट्टा खरीच; पण ती थट्टा गांवाची नव्हती, आपल्याच हतबलतेची होती. लष्कराच्या दप्तरांत त्या छावणींतल्या तंबूंची, घोड्यांची, शिधासामग्रीची मोजदाद आहे. तेथें माणसांचीं मनें कशीं झिजत होतीं, हें या दोन शब्दांइतकें थोडक्यांत कोणत्याहि दप्तरानें सांगितलेलें नाहीं.

स्वातंत्र्यानंतर देवळालीस भारतीय तोफखान्याचें शिक्षणकेंद्र आलें आणि ती छावणी आजहि नांदती आहे. इंग्लंडांत १९७४ ते १९८१ पर्यंत दूरचित्रवाणीवर जी एक विनोदी लष्करी मालिका गाजली, तिचें स्थळ प्रथम देवळालीच होतें. तिच्यांतल्या हिंदी पात्रांच्या चित्रणावर पुढें बरीच टीका झाली, आणि ती अस्थानीं नव्हती.

आतां हे गोरे शिपाई हिंदुस्थानी शिकले कोणाकडून? शाळेंत नव्हे. बराकींत पहांटे चहा घेऊन येणारा, अंथरुणांत लोळत पडलेल्याची दाढी करणारा न्हावी, पाणी घालणारा भिस्ती, धोबी, पंखा ओढणारा, स्वयंपाकी: हे त्यांचे गुरु. मराठी फौजांबरोबर चालणाऱ्या अशा लोकांना आपल्याकडे बाजारबुणगे म्हणत, आणि तो शब्द आजहि तुच्छतेनेंच उच्चारला जातो. या बाजारबुणग्यांनीं इंग्रजी भाषेला जें दिलें, तें मोठमोठ्या पंडितांना देतां आलें नाहीं. स्वयंपाकाची देगची इंग्रज शिपायाची ‘डिक्सी’ झाली आणि फ्रान्सच्या खंदकांपर्यंत गेली. बक्षीस ‘बकशी’ झाली, चौकी तुरुंग झाली, ‘देखो’चा ‘डेको’ म्हणजे एक नजर झाली, चिठ्ठीची ‘चिट’ झाली. खुशीपासून ‘कुशी’ म्हणजे ऐषआरामाची नोकरी. ‘विलायती’चा अपभ्रंश होऊन ‘ब्लायटी’ झाला, आणि त्याचा अर्थ मायदेश! हिंदुस्थानांतल्या माणसानें परक्या देशाला दिलेलें नांव त्या परक्यानें आपल्या घरासाठीं घ्यावें, याहून गमतीची गोष्ट शब्दांच्या इतिहासांत थोडी आढळेल. पहिल्या महायुद्धांत ज्या जखमेमुळें जीव न जातां घरीं जावयास मिळे, तिला शिपाई ‘ब्लायटी’ म्हणत आणि मनांतून ती मागतहि असत.

या शब्दांचा संग्रह दोघां इंग्रजांनीं केला. हेन्री यूल हा बंगालच्या लष्करी अभियंत्यांपैकीं, आणि आर्थर बर्नेल हा मद्रास इलाख्यांतला न्यायाधीश. बर्नेल १८८२ सालीं वारला; कोश १८८६ त निघाला आणि १९०३ सालीं क्रुकनें त्याची सुधारलेली आवृत्ति काढली. त्याला यूलनें नांव दिलें ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरमच्या मिरवणुकींतल्या ‘या हसन, या हुसेन’ या शोकाच्या आक्रोशाचें गोऱ्या शिपायांनीं केलेलें हें रूपांतर. मराठवाड्यांतल्या गांवोगांव ज्या मोहरमांत हिंदु घरेंहि सवारीपुढें नारळ फोडीत आलीं, त्याच मोहरमचा शब्द परक्या कानाला दोन इंग्रज आडनांवांसारखा ऐकूं आला. दुसऱ्याच्या दुःखाचा असा विनोद करणें सभ्यपणाचें नव्हे. पण यूलनें तो लपविला नाहीं, उलट ग्रंथाच्या कपाळावर लिहिला, आणि भाषा चुकीच्या ऐकण्यांतून कशी वाढते याचा नमुना म्हणून वाचकापुढें ठेवला. त्याच कोशांत मराठी कानाला ओळखीची आणखी एक हांक आहे. एकदम गडबड, आरडाओरड झाली कीं इंग्रज तिला ‘बॉबरी’ म्हणे. ती ‘बाप रे’ची मुलगी. आणि मराठी मुंगूस तर त्याच्याहि आधीं, डॉक्टर फ्रायरच्या १६९८ सालीं छापलेल्या प्रवासवर्णनांतून इंग्रजींत जाऊन राहिला आहे.

जोडशब्दांचा राजा मात्र ‘जिमखाना’. हिंदुस्थानांत गोऱ्यांच्या चेंडू खेळण्याच्या इमारतीला गेंदखाना म्हणत. त्यांतला ‘खाना’ ठेवला, ‘गेंद’ काढला आणि त्याच्या जागीं व्यायामवाचक इंग्रजी शब्दाचें पहिलें अक्षर बसविलें, अशी त्याची उपपत्ति यूल देतो. पहिला जिमखाना रुडकीस १८६१ सालीं निघाल्याचेंहि तो नोंदतो. दोन्हीं भाषांत नसलेला हा शब्द. अर्धा थट्टेनें केलेला. पण तो मुंबईत आला आणि गंभीर झाला. १८७५ सालीं बॉम्बे जिमखाना निघाला, तो फक्त गोऱ्यांसाठीं. मग १८८५ त पारशी जिमखाना, १८९४ त हिंदु जिमखाना. ज्या शब्दाचा सांधा दोन जातींच्या भाषांतून जुळलेला, त्याच शब्दाच्या दारावर जातवार पाट्या लागल्या! पुण्यास १९०६ सालीं डेक्कन जिमखाना निघाला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठविण्याच्या खटपटीचा आरंभ तेथल्या सामन्यांतून झाला, आणि पुढें त्याच्या भोंवतालची सबंध वस्तीच ‘जिमखाना’ म्हणून ओळखली जाऊं लागली. पुणेरी माणसाला हा शब्द मिश्र आहे असें सांगितलें तर तो रागावेल. परका आहे असें सांगितलें तर हंसेल.

मराठीनेंहि या व्यवहारांत हात आंखडता घेतला नाहीं. पलटण, रंगरूट, अर्दली, लालटेण हे शब्द शिपायांच्या पेटीबरोबर घरोघर गेले. पहारेकऱ्यानें अंधारांत विचारावयाचा इंग्रजी प्रश्न देशी शिपायांनीं ‘हुकुमदर’ असा करून टाकला. अर्थ न कळतां हुकुमाचा धाक मात्र त्यांत बरोबर आला. महादजी शिंद्यांनीं द बॉयनच्या हाताखालीं युरोपीय पद्धतीच्या ज्या फलटणी उभारल्या, त्यांना कंपू म्हणत. हा ‘कंपू’ पोर्तुगीज ‘कांपो’चा किंवा इंग्रजी ‘कँप’चा. आज कंपू म्हणजे चारचौघांना बाहेर ठेवणारी टोळी. इंग्रजांच्या छावणीनें देवळालीला वेडेपण दिलें, मराठ्यांच्या छावणीनें कंपूला दुष्टपणा दिला; छावणींत राहणाऱ्यांविषयीं दोन्ही समाजांचें मत एकंदरींत सारखेंच दिसतें. दिव्याच्या तेलाला ‘घासलेट’ हें नांव इंग्रजी गॅसच्या दिव्यावरून पडलें, आणि मग हलक्या लेखनाला घासलेटी म्हणूं लागले. खट्याळ पोराला कौतुकानें ‘डांबिस’ म्हणतात, तेंहि एका इंग्रजी शिवीचें रूप असल्याचें सांगतात.

अशा शब्दांविषयीं सुशिक्षित मराठी माणसाच्या मनांत फार जुनी अढी आहे. तिलाहि इतिहास आहे आणि तो क्षुद्र नाहीं. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितांनीं ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला, तो दरबारांतल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठींच. विसाव्या शतकांत सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ केली आणि तिच्यांतून महापौर, दिनांक यांसारखे उत्तम शब्द रूढ झाले. १९२५ सालीं फार्शी-मराठी कोश रचणारे माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवि माधव जूलियन, यांनींच १९३८ त ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. ज्यानें परके शब्द इतक्या प्रेमानें मोजले त्यानेंच त्यांना दार दाखवावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. राज्यकर्त्यांच्या भाषेपुढें आपली भाषा मान टाकते कीं काय, ही त्यांची भीति खोटी नव्हती.

तथापि या अढीचा एक पदर मात्र तितका सोज्ज्वळ नाहीं. मिश्र भाषेला मराठींत ‘धेडगुजरी’ म्हणण्याची जी रीत पडली, तिच्यांत भाषेबरोबर एका जातीचाहि अपमान केलेला आहे. तो शब्द सुसंस्कृत घरांतून सहज उच्चारला जात आला आणि कोणाच्या जिभेला अडखळला नाहीं. म्हणजे आक्षेप केवळ शब्दावर नव्हता. तो शब्द ज्यांच्या तोंडून आला त्यांच्यावर होता. पलटणींत गेलेले, बराकींत झाडलोट करणारे, गोदींत ओझीं वाहणारे, गिरणींत साच्यावर उभे राहणारे लोक परभाषेशीं पहिल्यानें भिडले, कारण त्यांना भाकरीसाठीं भिडावेंच लागलें. महापौर हा शब्द बैठकींत घडला आणि ‘हुकुमदर’ अंधाऱ्या पहाऱ्यावर. पहिल्याला कर्त्याचें नांव आहे, दुसऱ्याला नाहीं. मोल्सवर्थनें १८३१ सालीं आपला मराठी-इंग्रजी कोश काढला, तेव्हां खेड्यांतले ग्राम्य शब्दहि त्यानें पानांत घेतले. त्याबद्दल त्याला कोणी नांवें ठेवली असतील तर ठेवोत, आज मराठीच्या अभ्यासकाला तेच शब्द सर्वांत अधिक उपयोगी पडतात.

माकणीच्या बाजूला हा सारा व्यवहार थोड्या वेगळ्या वाटेनें झाला. १८६० नंतर तो मुलूख पुन्हां निजामाकडे गेला. १८८४ सालीं हैदराबादच्या दरबारानें फार्सी सोडून उर्दू ही राज्यभाषा केली, आणि १९१८ त निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणहि उर्दूंत सुरू झालें. जिल्ह्याचा कलेक्टर येथें ‘अव्वल तालुकदार’ होता. जिल्ह्याच्या गांवाचें धाराशिव हें नांव जाऊन सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नांवावरून उस्मानाबाद झालें. अरबी नांव आणि फार्सी शेपूट, म्हणजे तोहि एक जोडशब्दच. इंग्रजी शब्द या मुलुखांत आले ते बहुतेक उर्दूच्या दारानें. पुण्याच्या शेतकऱ्याला जो शब्द थेट साहेबाच्या कचेरींत भेटला, तो येथें आधीं मुनशीच्या कलमांतून उतरून मग पाटील-पटवाऱ्याच्या ओसरीवर आला. सप्टेंबर १९४८ त निजामाची सत्ता संपली, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० त महाराष्ट्र झाला, आणि २०२३ सालीं उस्मानाबादचें पुन्हां धाराशिव झालें. कागदांवरची भाषा इतक्या वेळां बदलली. तहसील, दरखास्त, बंदोबस्त, गुजराण हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडांत मात्र तसेच राहिले. आपण कोणत्या राज्याची भाषा बोलतों याचा विचार करावयाला त्याला सवड नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. तेरणेच्या खोऱ्यांतलीं लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांचीं कित्येक गांवें कोसळलीं. दगडमातीच्या जाड भिंतींखालीं हजारों माणसें झोपेंतच गेलीं. लोहारा-उमरग्याकडच्या गांवांनाहि जबर धक्का बसला. जे वांचले त्यांना नवीं घरें मिळेपर्यंत पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत दिवस काढावे लागले. त्या निवाऱ्याला काय म्हणावें, असें कोणीं कोणास विचारलें नाहीं. जुनें ‘माळवद’ हें नांव त्याला लागत नव्हतें, ‘घर’ म्हणवत नव्हतें, आणि ‘झोपडी’ तर तें नव्हतेंच. पत्रा मराठी, शेड इंग्रजी. लोक म्हणाले, पत्राशेड.